लेकराची गोळी आणि पेशींचे वय

सदर : आपले घर, आपले आरोग्य



मागच्या महिन्यात रविवारची वंदना आटोपल्यावर एका उपासिकेने आम्हाला विहाराच्या पायरीवर थांबवले. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीला जन्मापासून अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा विकार आहे. दिवसातून तीन वेळा गोळी चालू आहे. त्या म्हणाल्या, "भाऊ, दीर सांगत होते, ही गोळी स्टिरॉइडची आहे, तिने पोरीच्या अंगातल्या पेशी वेळेआधी म्हातार्‍या होतात. मोठ्या शास्त्रज्ञांनी शोधून काढलंय म्हणे. मग मी हळूहळू बंद करून बघू का?"

बंद करू नका, एक वेळचीही चुकवू नका, एवढे आम्ही तिथल्या तिथे सांगितले. पण दिरांचे बोलणे अगदीच वार्‍यावरचे नव्हते. त्यात अर्धे खरे होते, आणि अर्धे खरे हे पूर्ण खोट्यापेक्षा जास्त घात करते. आम्ही काही डॉक्टर नव्हे. कचेरीत हिशेब लिहिणारी माणसे. तरी ज्या गोष्टीने घरातले लेकरू दगावू शकते ती समजून घ्यायला पदवी लागत नाही. म्हणून आजचे सदर याच विषयाला दिले आहे.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यांनाच डॉक्टर अ‍ॅड्रिनल म्हणतात. त्यांच्यातून तीन प्रकारची रसायने रक्तात जातात. एक कॉर्टिसोल. ताप, जखम, उपासमार अशा संकटात शरीराला उभे ठेवणारे ते हेच. दुसरे अल्डोस्टेरॉन, जे अंगातले मीठ लघवीवाटे वाहून जाऊ देत नाही. तिसरी पुरुषी गुणांची रसायने, जी मुलगा-मुलगी दोघांतही थोडी थोडी असतात. आता गंमत अशी, की कॉर्टिसोल हे स्वतःच एक स्टिरॉइड आहे. तुमच्या-आमच्या अंगात ते रोज तयार होते, पहाटे सर्वांत जास्त आणि मध्यरात्री सर्वांत कमी. म्हणजे ज्या शब्दाला आपण एवढे भितो ती वस्तू जन्मापासून आपल्याच रक्तात फिरते आहे.

काही लेकरांत मात्र हे कॉर्टिसोल तयार करणारा एक घटक जन्मतःच लुळा असतो. या विकाराचे लांबलचक इंग्रजी नाव आहे, डॉक्टर त्याला थोडक्यात सीएएच म्हणतात. आपणही तेच म्हणू. ज्यांनी गिरणी पाहिली आहे त्यांना हे चटकन समजेल. सूत काढणारे खाते चालू आहे आणि कापड विणणारे खाते बंद पडले आहे. वरून साहेबाचा हुकूम येतो, कापड कमी पडते, काम वाढवा. सूत आणखी निघते. विणायला कोणी नाही. मग ते सूत भलत्याच खात्यात जाऊन पडते. इथे हुकूम देणारा साहेब म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी, आणि भलते खाते म्हणजे पुरुषी रसायनांचे. हुकमावर हुकूम येऊन अ‍ॅड्रिनल ग्रंथी फुगते, कॉर्टिसोल मात्र तयार होतच नाही आणि पुरुषी रसायने वाहू लागतात. बाहेरून गोळीने कॉर्टिसोल मिळाले की साहेब शांत होतो. या गोळीची कामे अशी दोन आहेत. जे नाही ते पुरवायचे आणि जे जास्त होते ते थांबवायचे.

बाबासाहेबांना मधुमेह होता आणि त्यांना इन्सुलिन घ्यावे लागत असे, हे आपल्याला ठाऊक आहे. इन्सुलिनला कोणी विष म्हणत नाही. शरीरात जे बनत नाही ते बाहेरून द्यावे लागते, इतका साधा तो व्यवहार आहे. सीएएचच्या लेकराची हायड्रोकॉर्टिसोनची गोळी ही त्याच जातीची. दम्याला किंवा मूत्रपिंडाच्या सुजेला जे स्टिरॉइड मोठ्या मात्रेत काही महिने देतात त्याची गोष्ट वेगळी. व्यायामशाळेत पोरे दंड फुगवायला घेतात ते तर पूर्णच वेगळे. नाव एक म्हणून तिन्हींना एकाच माळेत ओवले, की असा घोटाळा होतो.

ही गोळी येण्यापूर्वी काय होत होते? कॉर्टिझोनवर काम करणार्‍या केंडाल, राइखस्टाइन आणि हेन्च या तिघांना 1950 साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी अमेरिकेत बाल्टिमोर येथे लॉसन विल्किन्स या बालरोगतज्ज्ञाने सीएएचच्या लेकरावर कॉर्टिझोन यशस्वी झाल्याचे प्रसिद्ध केले. त्याआधी ज्या लेकरांच्या अंगात मीठ टिकत नसे ती बहुतेक पहिल्या काही आठवड्यांतच जात. जगात सगळीकडे जात. राजवाड्यात काय आणि झोपडीत काय.

आपल्याकडे ती आजही जातात, आणि बर्‍याचदा कशाने गेली हेही कळत नाही. सीएएचच्या दर चार लेकरांपैकी साधारण तिघांत मीठ वाहून जाण्याचा हा जोरकस प्रकार असतो. बाळ जन्मते तेव्हा ठणठणीत दिसते. दुसर्‍या-तिसर्‍या आठवड्यात दूध ओढेनासे होते, उलट्या करते, वजन वाढायचे सोडून घटते, मान टाकते. घरात म्हातारी माणसे म्हणतात दृष्ट लागली, पाचवी नीट पुजली नाही, सटवाईने एवढेच लिहिले होते. आम्ही धम्म स्वीकारून इतकी वर्षे झाली; बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत; तरी बाळंतिणीच्या खोलीत सटवाई अजून मागच्या दाराने येते, हे कबूल केले पाहिजे. सटवाईने काही लिहिलेले नसते. बाळाच्या रक्तात सोडियम घसरलेले असते, पोटॅशियम चढलेले असते, आणि सलाईन व हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन वेळेवर मिळाले तर तेच बाळ काही तासांत डोळे उघडते.

यात मुलगे जास्त दगावतात, त्याचे कारण ऐका. या विकारात मुलीच्या बाह्य अंगाची ठेवण जन्मतः वेगळी, कधी मुलासारखी दिसते, म्हणून सुईणीला किंवा डॉक्टरला शंका तरी येते. मुलगा दिसायला सर्वसाधारण असतो, म्हणून कोणाला काही वाटत नाही आणि तो उलटी-जुलाबाच्या खात्यात जमा होतो. मुलीच्या बाबतीत मात्र दुसरेच संकट उभे राहते. शेजारी कुजबुज करतात, नातेवाईक सांगतात की हे लेकरू आपले नव्हे, देऊन टाका. बंधूंनो, तृतीयपंथी हीदेखील आपल्यासारखीच माणसे आहेत, त्यांचा मान राखला पाहिजे. पण इथला प्रश्न औषधाचा आहे. या मुलीच्या पोटात गर्भाशय आणि बीजकोश व्यवस्थित असतात. औषध चालू राहिले तर पुढे तिला पाळी येते, आणि मूल होणेही शक्य असते. शस्त्रक्रियेची घाई कोणी करत असेल तर थांबून दोन ठिकाणी विचारावे. मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तामिळनाडू सरकारने 2019 साली, जीव धोक्यात नसताना तान्ह्या लेकरांवर अशा शस्त्रक्रिया करण्यास बंदी घातली. लेकराच्या अंगाबद्दलचा निर्णय लेकरू मोठे होईपर्यंत थांबू शकतो. गोळी थांबू शकत नाही.

आता दिरांच्या मुद्द्याकडे वळू.

आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रे असतात, म्हणजे आई-बापाकडून आलेल्या वारशाचे धागे. प्रत्येक धाग्याच्या टोकाला एक राखण असते, तिला टेलोमिअर म्हणतात. बाजेच्या सुंभाला टोकाशी गाठ मारली नाही तर पीळ उसवत जातो, तशीच ही गाठ समजा. पेशी दुभंगून नवी होताना दर वेळी ही गाठ थोडी झिजते. फार झिजली की पेशी नवी व्हायची थांबते. शरीरात टेलोमरेज नावाचा एक घटक काही पेशींत ही झीज भरून काढतो. या शोधासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना 2009 चे नोबेल मिळाले. पेशींचे म्हातारपण म्हणतात त्याचा हा एक भाग.

कॉर्टिसोलचा याच्याशी संबंध काय? 2008 साली अमेरिकेतील प्रयोगशाळेत असे दिसले, की रक्तातल्या पांढर्‍या पेशींवर कॉर्टिसोलचा मारा केला तर टेलोमरेजचे काम मंदावते. कुशिंग नावाच्या आजारात शरीरच वर्षानुवर्षे जास्तीचे कॉर्टिसोल बनवते. त्या रोग्यांतही, आजार चालू असताना टेलोमिअर आखूड आढळल्याचे स्पेनमधील डॉक्टरांनी नोंदवले आहे. म्हणजे जास्तीचे कॉर्टिसोल पेशींना झिजवते असे मानायला आधार आहे. दिरांचे अर्धे खरे ते हेच.

राहिलेले अर्धे त्यांनी वाचले नाही. या सगळ्या अभ्यासात शब्द आहे 'जास्तीचे'. ज्याच्या अंगात कॉर्टिसोल बनतच नाही, त्याला रोजच्या गरजेपुरते देणे हे जास्तीचे कसे होईल? ज्याच्या खात्यात शून्य आहे त्याच्या खात्यात पगार भरला तर त्याला उधळपट्टी म्हणत नाहीत. मात्र गरजेच्या दीडपट-दुप्पट वर्षानुवर्षे दिले तर ती उधळपट्टी होते, आणि तिची किंमत लेकरू उंचीत, हाडांच्या बळकटीत, वजनात आणि रक्तदाबात मोजते. सीएएचमध्ये ही ओढाताण नेहमीचीच आहे. पुरुषी रसायने पुरती दाबायची म्हटली तर मात्रा वाढवण्याचा मोह होतो. मात्रा वाढवली की वाढ खुंटते. 2024 च्या डिसेंबरात अमेरिकेत क्रिनेसरफॉन्ट नावाच्या नव्या औषधाला मान्यता मिळाली, ती याचसाठी. ते हायड्रोकॉर्टिसोनच्या जोडीला घ्यायचे, म्हणजे स्टिरॉइडची मात्रा कमी ठेवता येते. जोडीला, बदली नव्हे, हे नीट वाचावे.

आणखी एक. टेलोमिअर माणसागणिक इतके वेगवेगळे असतात की एका लेकराचे मोजून त्याची गोळी ठरवत नाहीत. कोणी पैसे घेऊन ही तपासणी करा म्हणाले तर त्या पैशात लेकराला अंडी आणावीत.

लेकराचे वय आत कसे चालले आहे हे पाहण्याची साधी तपासणी सरकारी दवाखान्यातही होते. डाव्या हाताच्या पंजा-मनगटाचा एक्स-रे. त्यावरून हाडांचे वय कळते. औषध न मिळालेल्या किंवा अपुरे मिळालेल्या लेकरात पुरुषी रसायनांमुळे हाडे घाईने पिकतात. पाच वर्षांच्या पोराच्या हाडांचे वय आठ-नऊ निघते. असा मुलगा तिसरीत वर्गातला सर्वांत उंच असतो, बाप कौतुकाने सांगतो आमचा पोरगा पैलवान होणार, आणि दहावीत तोच सर्वांत बुटका राहतो, कारण हाडांची टोके लवकर मिटलेली असतात. चौथी-पाचवीतच मिसरूड फुटते, आवाज फुटतो, वर्गात चेष्टा होते. आता सांगा, वेळेआधीचे म्हातारपण कशाने आले? गोळीने की गोळी नसल्याने? डोळ्यांनी दिसणारे, फितीने मोजता येणारे अकाली वय हे असे आहे. पेशीतली झीज सूक्ष्मदर्शकाखाली शोधत बसून, दारात उभे असलेले हे वय पाहायचे नाही, याला काय म्हणावे?

तथागतांनी सोण नावाच्या भिक्खूला वीणेचे उदाहरण दिले होते. तार फार ताणली तरी वीणा वाजत नाही आणि सैल सोडली तरी वाजत नाही. आमच्या ओळखीचे एक डॉक्टर हसून म्हणाले, तुमच्या बुद्धांनी आमचे अर्धे पुस्तक आधीच लिहून ठेवले आहे.

तार बरोबर ताणायची म्हणजे काय, ते आकड्यांत सांगतो. वाढत्या वयाच्या सीएएचच्या लेकराला अंगाच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला दिवसाकाठी 10 ते 15 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, तीन वेळा विभागून, अशी साधारण पद्धत आहे. नवजात बाळाचा पृष्ठभाग पाव चौरस मीटरच्या आत-बाहेर असतो, दहा वर्षांच्या मुलाचा एक चौरस मीटरच्या आसपास. म्हणून लेकरू वाढेल तशी मात्रा पुन्हा मोजावी लागते. दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळ्या आणत राहणे म्हणजे पहिलीचा गणवेश चौथीत घालणे. तान्ह्या बाळाला दर तीन महिन्यांनी किंवा त्याहून लवकर, मोठ्याला चार-सहा महिन्यांनी दाखवावे. दर वेळी उंची, वजन आणि रक्तदाब वहीत लिहून ठेवावा. वही घरची असावी. दवाखान्याचे कागद हरवतात. मीठ वाहून जाणार्‍या लेकराला सोबत फ्लुड्रोकॉर्टिसोनची दुसरी गोळी असते, आणि तान्हेपणी डॉक्टर मोजून मीठही द्यायला सांगतात. तीन वेळा का, तर हायड्रोकॉर्टिसोनचा प्रभाव सहा-आठ तासांत ओसरतो. सकाळी एकदमच तिन्ही गोळ्या दिल्या तर रात्र कोरडी जाते.

औषधाच्या दुकानात एक धोका असतो. "हायड्रोकॉर्टिसोन नाही, ही घ्या, एकच आहे," असे म्हणून डेक्सामेथासोन किंवा तसलीच दुसरी गोळी पुढे केली जाते. एकच नाही. 20 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचे काम पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन करते, आणि लेकराची उंची रोखण्यात ते त्याहून कितीतरी जास्त जोरदार आहे. उधळपट्टी होते ती इथे. गोळी मिळाली नाही तर त्याच दिवशी ज्या दवाखान्यात उपचार चालू आहेत तिथे विचारावे, आणि घरात निदान महिन्याभराचा साठा ठेवावा. गावाला जाताना, जयंतीच्या गर्दीत, दीक्षाभूमीला किंवा चैत्यभूमीला जाताना गोळ्यांची डबी सामानाच्या पिशवीत नको. आईच्या कमरेच्या पिशवीत हवी.

ताप आला तर नेहमीची मात्रा दुप्पट-तिप्पट करावी लागते. 38 अंशांच्या वर दुप्पट, 39 च्या वर तिप्पट, हा बहुतेक ठिकाणचा नियम. ताप उतरला की पुन्हा मूळ मात्रा. निरोगी माणसाचे शरीर तापात हेच आपणहून करते. गोळी उलटली तर पुन्हा द्यावी. पुन्हा उलटली तर वाट न पाहता इंजेक्शन द्यावे आणि दवाखाना गाठावा. परीक्षेची भीती, खेळाची शर्यत, साधी सर्दी यांसाठी जास्तीची गोळी लागत नाही. काही माया करणार्‍या आज्या तीही देतात, म्हणून सांगितले. हाड मोडले, भाजले, शस्त्रक्रिया ठरली, तर मात्र डॉक्टरांना आधी सांगायचे ते हेच, की लेकराची अ‍ॅड्रिनल चालत नाही.

हे इंजेक्शन महाग नाही. हायड्रोकॉर्टिसोनची 100 मिलिग्रॅमची पावडरीची कुपी मिळते. 2 मिली पाण्यात विरघळली की अर्धा मिली म्हणजे 25, एक मिली म्हणजे 50. शाळेआधीच्या लेकराला 25, शाळकरी मुलाला 50, मोठ्याला पूर्ण 100, मांडीच्या स्नायूत. आपल्या लेकराचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्यावा आणि इंजेक्शन कसे द्यायचे ते नर्सताईंकडून संत्र्यावर शिकून घ्यावे. घरातल्या पुरुषांनीही शिकावे. मुद्दाम सांगतो, कारण वस्तीत आम्ही पाहतो ते असे, की गोळीची वेळ आईला पाठ, मात्रा आईला पाठ, आणि बापाला विचारले तर तो म्हणतो, तिला विचारा.

याला पेशींच्या वयाचीच एक साक्ष आहे, आणि ती दिरांनी वाचायला हवी होती. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि एलिसा एपेल यांनी 2004 साली 58 निरोगी स्त्रियांचे टेलोमिअर मोजले. त्यांतल्या 39 जणी दीर्घ आजारी लेकरांच्या आया होत्या. ज्या आईने जितकी जास्त वर्षे आजारी लेकराची शुश्रूषा केली होती तितके तिचे टेलोमिअर आखूड निघाले. ज्यांच्या मनावर सर्वांत जास्त ताण होता त्यांच्या पेशी, कमी ताण असलेल्या स्त्रियांच्या तुलनेत, निदान दहा वर्षांनी म्हातार्‍या दिसल्या. तेव्हा घरात पेशींच्या म्हातारपणाची काळजी कोणाला वाटत असेल तर त्याने लेकराच्या गोळीकडे बोट दाखवण्याआधी लेकराच्या आईकडे पाहावे. पहाटेची गोळी तीच देते, रात्रीची तीच देते, दवाखान्याच्या रांगेत तीच उभी असते, आणि वर सासरचे विचारतात, तुझ्याच पोटी असे कसे निपजले. चार लेकरे मातीआड करणार्‍या रमाईची गाणी आपण 27 मे रोजी डोळे पुसत ऐकतो. घरातल्या रमाईच्या हातून एक वेळची गोळी आपल्या हातात घ्यायला कोणते गाणे लागते?

आणि "तिच्याच पोटी" हे तर सपशेल खोटे आहे. हा विकार आई आणि बाप दोघांकडून एकेक दोष आला तरच होतो. दोघेही वरून निरोगी असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात चारात एक अशी शक्यता असते. मामाची मुलगी, आतेचा मुलगा अशा जवळच्या नात्यातल्या लग्नांत ही शक्यता वाढते, म्हणून ती प्रथा आपण सोडलेली बरी. ज्यांच्या घरी एक लेकरू असे आहे त्यांनी पुढच्या गरोदरपणाआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि पुढचे बाळ जन्मल्याबरोबर त्याची तपासणी करून घ्यावी.

ती तपासणी म्हणजे बाळाच्या टाचेतून दोन-चार थेंब रक्त कागदावर घेणे. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत हे केले की उलट्या सुरू होण्याआधीच निदान होते. ही पद्धत 1977 साली निघाली. आपल्या देशात आयसीएमआरने मुंबईसह मोठ्या शहरांत एक लाखाहून अधिक बाळे तपासली. 2018 साली निष्कर्ष छापून आला, की साधारण पावणेसहा हजारांत एका बाळाला सीएएच असतो. केरळने सरकारी रुग्णालयांत ही तपासणी सुरू केली. मग प्रत्येक पालिकेच्या प्रसूतिगृहात आणि जिल्हा रुग्णालयात ती का नसावी? गरिबाच्या बाळाच्या टाचेत रक्त नसते का? आमच्या वस्तीतील महिला मंडळाने या मागणीचे निवेदन तयार केले आहे. बाकीच्या मंडळांनीही आपापल्या नगरसेवकाकडे आणि आरोग्य अधिकार्‍याकडे ते द्यावे, पोच घ्यावी आणि पोच जपून ठेवावी. कामगार बंधूंनी ईएसआयच्या दवाखान्यात या गोळ्यांची मागणी लेखी नोंदवावी. तोंडी मागणीचा कचेरीत हिशेब राहत नाही, हे आम्ही टेबलाच्या आतल्या बाजूने सांगतो.

जाता जाता दोन इशारे. एखाद्या लेकराचा रंग उगाच काळवंडत चालला, विशेषतः हिरड्या, बोटांची पेरे, जुन्या जखमांचे व्रण. सोबत थकवा, वजन घटणे, मिठाची ओढ असेल तर उन्हाला दोष देऊ नका. कॉर्टिसोल कमी पडू लागल्याची ती खूण असू शकते. थॉमस अ‍ॅडिसन या इंग्रज डॉक्टरने हा रोग 1855 साली वर्णिला, आणि त्याच्या रोग्यांपैकी कित्येकांच्या ग्रंथी क्षयाने पोखरलेल्या होत्या. क्षय आपल्या वस्त्यांतून गेलेला नाही. दुसरे असे, की मूत्रपिंडाच्या सुजेसाठी किंवा दुसर्‍या आजारासाठी ज्या लेकराला अनेक आठवडे प्रेडनिसोलोन चालू आहे, त्याचीही गोळी एकाएकी थांबवू नये. बाहेरून मिळते म्हणून त्याची ग्रंथी झोपलेली असते; तिला जागे व्हायला वेळ द्यावा लागतो, म्हणून डॉक्टर टप्प्याटप्प्याने कमी करतात.

सीएएच किंवा अ‍ॅडिसनचा आजार असलेल्या लेकराच्या खिशात एक जाड कागदाचे कार्ड असावे, एक वर्गशिक्षकांकडे द्यावे, एक शेजारी ठेवावे. मजकूर असा लिहावा :

"माझ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी काम करत नाहीत. मी रोज हायड्रोकॉर्टिसोन घेतो/घेते. ते कधीही बंद करू नये. मी बेशुद्ध पडलो/पडले, वारंवार उलट्या झाल्या किंवा मोठी जखम झाली तर मला ताबडतोब हायड्रोकॉर्टिसोन ____ मिलिग्रॅमचे इंजेक्शन आणि सलाईन द्यावे. साखर तपासावी. आधी इंजेक्शन, कागदपत्रे नंतर."

खाली आई आणि वडील, दोघांचेही फोन क्रमांक लिहावेत.

जयभीम.